स्टोमा असलेलं माणूस घरी येण्याआधी: रक्त दिसलं तर

मूत्राशय काढून लहान आतड्याच्या १५-२० सेंटीमीटर तुकड्यातून पोटावर लघवीची वाट (स्टोमा) केलेलं माणूस घरी येणार असेल, तर पिशव्या, गॉज, कात्री सिस्टर लिहून देतातच. डिस्चार्जआधी त्यांच्याकडून एकच गोष्ट नीट शिकून घ्या: रक्त कुठून येतंय हे कसं ओळखायचं. बाबांच्या वेळी आमचं हेच राहिलं. पिशवीत लाल दिसलं, डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "कुठून येतंय?" आणि घरात कुणालाच सांगता येईना.

स्टोमा म्हणजे उलटून शिवलेलं आतडं. गालाच्या आतल्या बाजूसारखं लाल, ओलं, रक्तवाहिन्यांनी भरलेलं. पुसताना गॉजला थोडं रक्त लागणारच. त्याला स्पर्शाची जाणीव नसते, त्यामुळे पेशंटला विचारून काही कळत नाही. पिशवी काढा, ओल्या गॉजने हलकेच टिपा आणि बघा: स्टोमाच्या पृष्ठभागावरून, भोवतालच्या कातडीतून, की आतून लघवीबरोबर? वरवरचं असेल तर गार ओला गॉज ५-१० मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलू नका. तरी थांबत नसेल, आतून येत असेल किंवा गुठळ्या पडत असतील, तर थेट हॉस्पिटल. धार लागली असेल तर दाबून धरूनच निघा. बाकी प्रत्येक वेळी आधी बघा, कुठून येतंय ते.

सुरुवातीचे काही दिवस लघवी गुलाबीसर असते. पांढरे चिकट धागे हा आतड्याचा स्राव. बीट खाल्लं होतं का, तेही आठवा.

मापपट्टी हवीच. पहिले ६-८ आठवडे सूज उतरून स्टोमा लहान होत जातो, म्हणून पुन्हा पुन्हा मोजा. पिशवीचं भोक त्याहून २-३ मिलिमीटरच मोठं कापा. घट्ट झालं तर कड घासून रक्त येतं. सैल राहिलं तर लघवी कातडीवर साचते, खरखरीत पांढरे क्षार धरतात, मग तिथूनही रक्त येतं. लाल दिसलं की घाबरण्याआधी कुठून ते बघा.

अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन अशी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा; स्वतःहून बंद करू नका. सिरॉसिस (यकृत कडक होण्याचा आजार) असेल तर तेही सांगा, स्टोमाभोवतीच्या फुगलेल्या शिरांतून खूप रक्त जाऊ शकतं. रेडिएशन झालंय, मूत्रवाहिनीत बरेच दिवस स्टेंट (बारीक नळी) आहे आणि अचानक लालभडक लघवी झाली, तर एक मिनिटही थांबायचं नाही.

स्टोमा जांभळा-काळा पडला, तर रक्त नसलं तरी लगेच निघा. फाईल, डॉक्टरांचा नंबर, रात्रीची गाडी ठरलेली असू द्या.