पेनड्राइव्हमधील फोल्डरांचे शॉर्टकट झाले तेव्हा

अप्पा बळवंत चौकातून प्रिंट काढून आणल्यावर पेनड्राइव्हमधील प्रत्येक फोल्डरच्या चिन्हावर छोटा बाण दिसू लागला. ते शॉर्टकट कितीही पुसले तरी परत येत, आणि यातच माझ्या दोन संध्याकाळी वाया गेल्या; व्हायरसची लागण लॅपटॉपलाही झाली होती.

म्हणून आधी पेनड्राइव्ह काढून विंडोज सिक्युरिटीतून डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसचे ऑफलाइन स्कॅन केले, ज्यात लॅपटॉप रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटे जातात. मग पेनड्राइव्ह जोडला आणि एकाही शॉर्टकटवर क्लिक न करता फोल्डर ऑप्शन्सच्या 'व्ह्यू'मध्ये लपवलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडून 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'समोरची खूण काढली. नाव नसलेल्या एका फिकट फोल्डरात सारे काही शाबूत होते. त्यातील फक्त दस्तऐवज व फोटो उतरवून घेतले, पेनड्राइव्ह फॉरमॅट केला आणि ती खूण पूर्ववत केली.