दर वर्षी काही महिने मुलांकडे अमेरिकेत: पहिल्यांदा निघणाऱ्या आईबाबांसाठी

मुलगी किंवा मुलगा न्यू जर्सीत, घर पुण्यात नाहीतर नाशकात, आणि पासपोर्टवर दहा वर्षांचा बी-१/बी-२, म्हणजे पर्यटक व्हिसा. आपल्याकडच्या कितीतरी निवृत्त जोडप्यांचं वर्ष आता असं दोन घरांत वाटलेलं असतं. मी बरीच वर्षं न्यू जर्सीतल्या एडिसनला लेकीकडे जाते-येते. दर उन्हाळ्यात तिथल्या बागेत नवीन आलेले आईबाबा भेटतात आणि त्याच त्या गोष्टींवर अडतात. त्यांना तोंडी सांगते तेच इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी तारीख. व्हिसावर छापलेली तारीख ही अमेरिकेच्या दारात येऊन उभं राहण्याची मुदत असते, राहण्याची नाही. किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ते आय-९४ नावाच्या नोंदीत चढतं. ही नोंद हातात कुणी देत नाही. सीबीपीच्या, म्हणजे अमेरिकेच्या सीमा तपासणी खात्याच्या, संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक टाकून ती स्वतः काढायची असते. पोचल्याच्या दोन-तीन दिवसांत मुलांना शेजारी बसवून ती काढा, छापा आणि फ्रिजवर लावा. बहुतेकांना सहा महिने मिळतात, पण मिळतीलच असं नाही. पासपोर्ट लवकर संपत असेल तर तारीख त्याआधीचीही पडू शकते, म्हणून निघण्यापूर्वीच पासपोर्ट नवा करून घ्या. जुन्या पासपोर्टमधला व्हिसा चालू असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवायचे.

ओळखीतल्या एका जोडप्याची गोष्ट सांगते, कारण त्यांचं जे झालं ते कुणाचंच होऊ नये. नाशिकची साधी, शिकलेली माणसं. व्हिसावर आठ वर्षांनंतरची तारीख पाहिली आणि आपल्याला भरपूर वेळ आहे असं समजून चालली. मुलगा-सून नोकरीच्या धावपळीत, त्यांनीही आय-९४ उघडून पाहिला नाही. मुदतीपेक्षा दोन महिने जास्त राहून दोघं परत गेले. जाताना कुणी अडवलं नाही, कारण अमेरिकेतून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारून घ्यायला कुठे थांबावंच लागत नाही. विमान कंपनीच्या यादीवरून तुमची नोंद परस्पर होते. पुढच्या वर्षी नातवाच्या मुंजीला निघाले. सोवळं, पळी-पंचपात्र, सगळ्यांचे आहेर, सगळं सामानात. विमानतळावर त्यांना वेगळ्या खोलीत नेलं, तासन् तास बसवलं आणि परतीच्या विमानात चढवलं. मुदतीनंतर राहिलं की व्हिसा आपोआप रद्द होतो, स्टिकर पासपोर्टवर तसाच दिसत असला तरी. मुंज आजी-आजोबांविना झाली.

हे त्यातल्या त्यात कमीवर निभावलं. मुदतीनंतर १८० दिवसांहून जास्त राहून बाहेर पडलात तर तीन वर्षं प्रवेशबंदी, आणि वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात तर दहा वर्षं. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षं म्हणजे काय ते मी वेगळं सांगायला नको. आजारपणासारखं खरंच कारण आलं तर मुदत संपण्याच्या आत आय-५३९ अर्ज करून वाढ मागता येते. ४५ दिवस आधी करा असं इमिग्रेशन खातंच सांगतं. पण बर्फ बघायचं राहिलं म्हणून तो अर्ज करू नका.

बागेत हमखास एक सल्ला मिळतो: नायगाराला जाऊन कॅनडात पाय ठेवून आलं की सहा महिने नव्याने मिळतात. ऐकू नका. तीस दिवसांच्या आतल्या अशा फेरीवर साधारणपणे तीच जुनी तारीख कायम राहते. शिवाय कॅनडाच्या बाजूला जायला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो.

आता माझं ठाम मत. सहा महिने मिळतात म्हणून सहा महिने राहू नका. चार महिने राहा. ‘तिकिटाचे पैसे वसूल झाले पाहिजेत’ या हिशेबाने आलेली माणसं मी पाहिली आहेत. पाचव्या महिन्यात ती खिडकीशी बसून भारतातल्या घरी परतायचे दिवस मोजत असतात. वर्षाला इतकेच दिवस असा लेखी नियम पर्यटक व्हिसाला नाही, हे खरं. पण दर वर्षी सहा महिने आत आणि पाच-सहा महिने बाहेर असा क्रम दिसला की अधिकारी विचारणारच, तुम्ही भेटायला येता की राहायलाच? त्या प्रश्नाला आपलं वागणंच उत्तर असलं पाहिजे. जितके दिवस आत, त्याच्या दुपटीने तरी बाहेर राहा.

दुसरं कारण कराचं, आणि याबद्दल बागेत अवाक्षर निघत नाही. अमेरिकेचं करखातं दिवस मोजतं: या वर्षीचे सगळे, गेल्या वर्षीचे एकतृतीयांश, त्याआधीच्या वर्षीचे एकषष्ठांश. बेरीज १८३ झाली की करापुरते तुम्ही तिथले रहिवासी धरले जाऊ शकता, म्हणजे तुमची इथली पेन्शन आणि ठेवींचं व्याजही त्यांच्या हिशेबात येतं. दर वर्षी १८० दिवस राहणाऱ्याची बेरीज १८० अधिक ६० अधिक ३०, म्हणजे २७० होते. दर वर्षी १२० दिवस राहणाऱ्याची १२० अधिक ४० अधिक २०, म्हणजे १८०. काठावर, पण आत. वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरायचं, आपलं मार्चअखेरचं नाही, आणि पोचल्याचा व निघाल्याचा दिवसही मोजायचा. बेरीज वर गेली पण त्या वर्षातले दिवस १८३ पेक्षा कमी असतील, आणि तुमचं घरदार, बँक, सगळे संबंध भारतातच असतील, तर फॉर्म ८८४० भरून तसं सांगता येतं. तो भरायला जाणकार कर सल्लागार गाठा, जावयाच्या मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

इमिग्रेशनच्या खिडकीवर खरं आणि थोडक्यात बोला. कशाला आलात? मुलीला भेटायला. किती दिवस? चार महिने. परतीचं तिकीट? हे घ्या. प्रश्न कळला नाही तर ‘येस, येस’ म्हणत मान डोलवू नका. दुभाषा मागा, त्यात कमीपणा नाही. बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, मेंदी ताजी असेल तर ठशाला त्रास होतो, म्हणून लग्नकार्यातून थेट विमानात बसू नका.

आणि पैसे घेऊन कुठलंही काम करू नका. ओळखीच्यांची मुलं सांभाळणं, डबे करून देणं, चकल्या-करंज्यांच्या ऑर्डरी, शिकवण्या, यांतलं काहीही या व्हिसावर चालत नाही. अनेक बायका करतात आणि ‘कुणाला कळतंय’ म्हणतात. मला त्यांचा राग येतो, कारण संशय नंतर आपल्या सगळ्यांवर येतो. स्वतःच्या नातवंडांना मांडीवर घ्यायला कुणाची ना नाही, पण मुलांनी पाळणाघराचे पैसे वाचवायला आईवडिलांना बोलावणं मला पटत नाही.

सामानाचं थोडक्यात. तांदूळ नेऊ नका. आंबेमोहोर असो की इंद्रायणी, भारतातून प्रवाशाच्या सामानात तांदूळ चालत नाही, खापरा नावाच्या किडीमुळे. ताजा कढीपत्ता, फळं, भाज्या, बियाणं, मांस, हेही नाही. हापूस पेटीत लपवून नेण्याचा विचार सोडा. तो वाशीसारख्या विकिरण केंद्रातून प्रक्रिया होऊनच अमेरिकेत जातो, २००७ पासून, आणि तिथल्या दुकानांत महाग का होईना मिळतो. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला खुशाल न्या, पण जे खाण्याचं आहे ते विचारलं की आहे म्हणून सांगा. सांगितलं आणि चाललं नाही तर फार तर वस्तू काढून घेतात. लपवलं तर दंड.

औषधांना मात्र वेळ द्या. डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप केलेली चिठ्ठी घ्या आणि औषधाचं ब्रँडचं नाही, मूळ नाव लिहून घ्या, कारण आपले ब्रँड तिथे कुणी ओळखत नाही. आपलं पॅरासिटामॉल तिथे असिटामिनोफेन म्हणून मिळतं. गोळ्या मूळ पाकिटांतच ठेवा. साधारण तीन महिन्यांचा साठा नेण्यापर्यंत अडचण नसते. दात, चष्मा, गुडघ्यांची तपासणी इथेच उरकून निघा.

विमा निघण्यापूर्वीच घ्या. इथला मेडिक्लेम बहुधा तिथे उपयोगी पडत नाही. नुसत्या ठरावीक रकमा देणाऱ्या स्वस्त पॉलिसीत खर्चाच्या मानाने फारच थोडं हाती येतं, म्हणून सर्वंकष पॉलिसी घ्या आणि मधुमेह, रक्तदाब यांसारख्या जुन्या आजारांबद्दलचं कलम मुलांकडून वाचून घ्या. जुन्या आजाराचे नेहमीचे उपचार त्यात नसतात; अचानक उद्भवलेला झटका काही पॉलिसींत असतो, वयाच्या अटीसकट. रात्री ताप आला म्हणून थेट इमर्जन्सीत जाऊ नका, ‘अर्जंट केअर’ दवाखाने असतात, तिथे बिल कितीतरी कमी येतं. पण छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, तर बिलाचा विचार न करता ९११ लावा.

घर बंद करण्याआधी मोबाईलचं इंटरनॅशनल रोमिंग सुरू करा, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही आणि सगळे व्यवहार ठप्प होतील. रोमिंगवर येणारा मेसेज बहुधा फुकट असतो, सिम मात्र रिचार्ज करून जिवंत ठेवा. वीजबिल आपोआप भरलं जाईल अशी सोय, सोसायटीच्या सचिवाकडे मुलांचा नंबर, गॅसचा कॉक बंद. पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरात तिथे असायचं टाळावं. जमलं नाहीच तर हयातीचा दाखला न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून प्रमाणित करून घेता येतो, पण आपली बँक तो कसा स्वीकारते ते निघण्यापूर्वी विचारा.

मुलांच्या घरात एकटेपणा येतो, आणि तो पहिल्याच पंधरवड्यात येतो. दोघं सकाळी कामावर, नातवंडं शाळेत, रस्त्यावर चिटपाखरू नाही. गाडीशिवाय कुठे जाता येत नाही. यावर मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे गावची लायब्ररी. कुणी हटकत नाही, थंडी-उन्हात बसायला जागा, ज्येष्ठांसाठी इंग्रजी बोलण्याचे वर्ग, आणि या भागात भारतीय भाषांतली पुस्तकंही मिळतात. या देशाने सामान्य माणसासाठी जे काही उत्तम केलं आहे त्यात मी लायब्ररीला पहिला नंबर देते. मराठी विश्वसारखी मंडळं गणपतीला, दिवाळीला जीव लावतात, जरूर जा. बागेतल्या कट्ट्यावरही बसा, पण कुणाच्या मुलाने कुठे केवढं घर घेतलं हा विषय निघाला की उठून एक चक्कर मारून या. ते ऐकून घरी आल्यावर आपल्याच मुलांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

फोडणीच्या आधी चुलीवरचा पंखा लावा आणि खिडकी उघडा. मोहरी तडतडली, मिरची जळली की छतावरचा धुराचा भोंगा घर डोक्यावर घेतो. उदबत्तीलाही तेच.

परतताना बोर्डिंग पास फेकू नका, मुदतीत निघाल्याचा तो पुरावा. घरी पोचल्यावर त्याचा फोटो आणि आय-९४ ची प्रत एकाच फाईलमध्ये ठेवा, आणि पुढच्या वर्षी दिवस मोजायचे ते त्या फाईलवरूनच मोजा.