कृत्रिम गवताखाली साचणारे पाणी कसे काढावे

फरसबंद अंगणावर कृत्रिम गवत अंथरल्यावर, पाऊस थांबून दोन तास उलटले तरी पाय ठेवताच पचपच आवाज येत असेल, तर दोष बहुधा खालच्या फरशीत असतो. गवताच्या पाठीला ठरावीक अंतरावर भोके असतात आणि त्यांतून पाणी सहज उतरते. परंतु फरशी किंवा कोबा पाणी पीत नाही, त्यामुळे तेथे पोचलेले पाणी ढाळ मिळाला तरच वाहून जाते. म्हणूनच गवताला आणखी भोके पाडण्याचा मोह आधी आवरावा.

कोरड्या दिवशी संशयित जागी बादलीभर पाणी ओतून पाहावे. पाणी वरच तुंबले, तर भोके गाळाने किंवा पात्यांमध्ये भरलेल्या वाळूने बुजलेली असतात, आणि ताठ केसांच्या ब्रशने घासून धुतल्यावर काम भागू शकते. पाणी लगेच दिसेनासे झाले पण उताराच्या कडेने बाहेर पडले नाही, तर त्या बाजूचे गवत सोडवून गुंडाळावे. उघड्या फरशीवर पुन्हा पाणी सोडावे आणि जेथे डबके राहील त्याच्या कडेने खडूची रेघ ओढावी. अर्ध्या तासाने डबके रेघेच्या किती आत सरकले, यावरून खोलगट भाग नेमका कोठे आहे ते कळते.

गवत उचललेलेच आहे, तर गोंदाच्या रेघाही तपासाव्यात. त्या उताराला आडव्या असतील, तर प्रत्येक रेघ छोट्या बांधासारखी पाणी अडवते. अशा रेघांमध्ये हातभर अंतरावर बोटभर रुंदीच्या फटी पाडल्या, तर बिनखर्चात बराच फरक पडतो. खाली स्पंजसारखा फोम असेल आणि त्याला भोके नसतील, तर तो काढून टाकलेलाच बरा.

ढाळ मोजण्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. भिंतीपासून दूर जाताना दर मीटरला १० ते १२ मिलिमीटर उतार असावा. उथळ खोलगट भाग बाहेरच्या वापरासाठी असलेल्या मॉर्टरने भरून समतल करता येतात. खोल डबक्यांच्या जागी १२ ते १६ मिलिमीटर व्यासाची भोके २५-३० सेंटिमीटर अंतरावर कोब्याच्या आरपार पाडून त्यांत बारीक खडी भरावी. मात्र हा उपाय खालची जमीन पाणी मुरवणारी असेल तरच लागू पडतो. हे पाहण्यासाठी जवळच ३० सेंटिमीटर खोल खड्डा करून त्यात पाणी भरावे. चिकणमातीमुळे ते तासन्‌तास तसेच राहिले, तर भोके पाडणे व्यर्थ आहे. खालून पाण्याचे नळ किंवा विजेच्या तारा गेल्या आहेत का, हे आधी पाहावे आणि गच्चीवर किंवा तळघराच्या छतावर भोके मुळीच पाडू नयेत, कारण त्यामुळे जलरोधक थर फुटतो.

चिकणमातीच्या जागी उताराच्या शेवटी जाळीची नाली बसवावी. तिचे पाणी पावसाच्या पाण्याच्या वाहिनीत किंवा घरापासून किमान ५ मीटर दूर केलेल्या शोषखड्ड्यात सोडावे. जाळी सहज उचलता आली पाहिजे, कारण नालीत गाळ साचतोच. गवत आणि फरशी यांच्यामध्ये उंचवट्यांचा ड्रेनेज पत्रा (पाणी वाहून जाण्यासाठीचा प्लास्टिकचा थर) घातला, तर पाण्याला वाहायला मोकळी जागा मिळते. परंतु त्यामुळे पातळी वाढते, म्हणून उंबरठ्याची उंची आधी मोजावी. भिंतीतील ओलप्रतिबंधक थर गवताच्या पातळीपेक्षा १५० मिलिमीटर तरी वर राहायला हवा.

संपूर्ण फरशीच घराकडे उतरत असेल, तर डागडुजीत पैसे घालवू नयेत, असे माझे मत आहे. ती उखडून, पाणी झिरपू देणारे जिओटेक्स्टाइल (कृत्रिम धाग्यांचे मजबूत कापड) अंथरून, त्यावर बारीक भुकटी नसलेली खडी ७५ ते १०० मिलिमीटर जाडीने दाबून बसवावी.

कोणताही उपाय केला, तरी गवत आधी नुसते पसरून बादलीची चाचणी पुन्हा करावी आणि पाणी कडेने बाहेर पडताना दिसल्यावरच गोंद लावावा.