सह्याद्रीतली सुटका, नेपाळमधली सुटका: पैसे कोणी आणि कधी द्यायचे

सह्याद्रीत कुणी कड्यावर अडकलं किंवा दरीत घसरलं, तर धावून येणारी पथकं बहुतेक स्वयंसेवकांची असतात. ती पैसे मागत नाहीत, आणि तसंच राहायला हवं. बिलाची धास्ती असली की लोक फोन लांबवतात, अंधार पडतो आणि दुपारी आटोपलं असतं ते काम रात्रभर चालतं. म्हणून खर्चाचा विचार न करता लगेच ११२ ला फोन लावा. गड आणि चढलेली वाट, किती जण, इजा काय, हे सांगाच. पण जखमी चालू शकतो का, हे सर्वात आधी. चालता येत नसेल तर स्ट्रेचर लागतो. तो एका वेळी सहा ते आठ जण उचलतात आणि घसाऱ्याच्या वाटेवर माणसं सारखी बदलावी लागतात. लोकेशन पाठवून झालं की जागा सोडू नका, बॅटरी जपा. पायथ्याशी येणारी १०८ ची रुग्णवाहिका मोफत असते.

घरी पोचल्यावर मात्र पथकाला विचारा, काय खर्ची पडलं? कातळाच्या धारेवर कापला गेलेला रोप, म्हणजे चढाईचा दोर, बाद करावा लागतो. रोप आणि पेट्रोलचे पैसे संस्थेच्या खात्यात भरा, पावती घ्या. वाट दाखवणाऱ्या, स्ट्रेचर उचलणाऱ्या गावकऱ्यांचा रोज बुडालेला असतो. तो सगळ्यात आधी द्या. नेमका तोच विसरला जातो.

नेपाळमध्ये सगळं उलटं. तिथे ट्रेकरला आणायला जातं ते सहसा खासगी कंपनीचं हेलिकॉप्टर. पैशांची हमी मिळाल्याशिवाय ते सहसा उडत नाही आणि बिल काही हजार डॉलरचं होतं. एव्हरेस्ट बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर, तर अनेक प्रवास पॉलिसींमधली ट्रेकिंगची मर्यादा त्याच्या बरीच खाली. बेस कॅम्पजवळचा काला पत्थर हा माथा त्याहून उंच, म्हणून ६,००० मीटरपर्यंतची पॉलिसी घ्या. उंचीची मर्यादा आणि हेलिकॉप्टरने सुटका, दोन्ही पॉलिसीत लेखी हवं. नुसत्या 'वैद्यकीय खर्च' या शब्दांवर विसंबू नका.

क्लेम बऱ्याचदा अडतो तो हेलिकॉप्टर आधी बोलावून विमा कंपनीला नंतर कळवल्यामुळे. पॉलिसी क्रमांक आणि कंपनीचा २४ तासांचा मदत क्रमांक कागदावर लिहून एक प्रत गाइडकडे, एक घरी ठेवा. आधी तिथे फोन, केस क्रमांक, मग उड्डाण. दुपारकडे ढग भरून येतात, त्यामुळे निर्णय पहाटेच झालेला बरा. डॉक्टरांचा अहवाल, हेलिकॉप्टरचं बिल आणि डिस्चार्ज कार्ड मूळ प्रतीत सांभाळा. गरज नसताना ट्रेकरना हेलिकॉप्टरने खाली आणून विमा कंपन्यांना लुबाडल्याची प्रकरणं २०१८ मध्ये तिथे उघडकीस आली होती, त्यामुळे कागद कच्चे असले तर प्रश्न विचारले जाणारच.

उंचीमुळे नुसतं डोकं दुखत असेल तर हेलिकॉप्टर लागत नाही. आहात त्या उंचीवर थांबा. उतार पडला नाही तर चालत खाली या. बसल्याजागी धाप लागली किंवा सरळ रेषेत चालताना तोल गेला, तर मात्र जिवाला धोका आहे. फोन एकाने लावावा, बाकीच्यांनी त्याच क्षणी आजाऱ्याला खाली न्यायला सुरुवात करावी. हेलिकॉप्टरची वाट बघत वर बसू नये.