उन्हाळ्यात येऊर-कान्हेरी: आपलं पाणी पाठीवर, जंगलाचं जंगलात

ठाणेकरांसाठी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणजे येऊर. उपवन तलाव मागे टाकून घाट चढलं की आलंच. जंगल इतकं हाताशी आहे म्हणूनच बेत फसतो. पोहे खाऊन साडेनऊला निघायचं, चौघांत पाण्याच्या दोन बाटल्या, आणि बाराच्या उन्हात कोणीतरी डोकं धरून बसलेलं. पारा 36-37 च असला तरी खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. त्यात सागाची पानगळ झालेली, म्हणजे सावलीच्या नावाने शिमगा.

तेव्हा पहिलं ठरवायचं ते वेळेचं. गेट उघडायच्या वेळी तिथे असावं आणि साडेदहा-अकराला परतीला लागावं. संध्याकाळी ऊन उतरतं हे खरं, पण तिन्हीसांजेला बिबट्या हिंडायला लागतो, आणि अंधार पडल्यावर जंगलात थांबता येतही नाही. सोमवारी उद्यान बंद असतं. येऊरला नाक्यावर विचारून, परवानगी असलेल्या वाटेनेच जायचं. शिवाय तिथे हवाई दलाचं ठाणं आहे, त्यामुळे ड्रोन घरीच ठेवा.

कान्हेरीला जायचं तर घोडबंदर रोडने बोरिवली गाठावी. मुख्य गेटपासून लेणी साधारण 6 किलोमीटर आत आहेत आणि तिथलं पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं. बहुतेक जण 3 क्रमांकाच्या मोठ्या चैत्यगृहात तासभर रमतात आणि उन्हं तापल्यावर वर चढतात. हे उलटं करा. काळा बेसाल्ट तापला की पायऱ्यांवर बूड टेकवत नाही, म्हणून वरची लेणी आधी बघा आणि चैत्यगृह शेवटी. ते खालीच आहे, आत गारवाही असतो.

पाणी मोठ्या माणसाला 3 लिटर, लहान मुलाला दीड, तेही चार-पाच तासांसाठी. एक बाटली रात्री अर्धीच भरून फ्रीजरमध्ये आडवी ठेवा आणि सकाळी वर साधं पाणी घाला. काठोकाठ भरून गोठवली तर फुटते. तहान लागायची वाट न बघता वीस मिनिटांनी चार घोट घ्या. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायचं. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट टाकलं तर क्षार जास्त होतात, मुलांना ते बाधतं. डब्यात थालीपीठ, तिखटमिठाच्या पुऱ्या असं टिकणारं न्या, दहीभात नको. डबा स्टीलचा बरा, कारण प्लास्टिकची पिशवी कुरकुरली की माकडं हजर. एकाला केळं दिलं की पुढच्या माणसाची पिशवी ओढली जाते, आणि पुढे त्या माकडालाच पिंजऱ्यात जावं लागतं.

कोणी असंबद्ध बोलायला लागला, तोल जायला लागला आणि अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात. पाणी पाजत बसू नका, ठसका लागेल. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, 108 ला फोन करा.

आता जंगलाचं पाणी. मे महिन्यात ओढे आटतात आणि खडकात एखादा डोह उरतो. माणसाला बसायला तीच जागा आवडते. पण तुम्ही तिथे तासभर गप्पा मारल्या तर चितळ-सांबरं झाडीआड तहानलेली थांबून राहतात. लांबून बघा आणि पुढे चला. हातपाय, साबण, डबे धुणं तर अजिबात नको. तुळशी आणि विहार तलावांत मगरी आहेत, तिथे पाय बुडवायचा विचारही नको.

वाटेवर सागाचं पान पापडासारखं वाळलेलं असतं आणि त्याखाली मुरूम. उतारावर पाय टाकला की सरकतो. घोणसही याच पाचोळ्यात बेमालूम मिसळून पडलेली असते. म्हणून बूट घोट्यापर्यंतचे, पाऊल उघड्या दगडावर, हातात काठी. साप चावलाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. अंगठ्या-बांगड्या काढा, तो अवयव हलू देऊ नका, चालवत न आणता उचलून सरकारी रुग्णालयात न्या. विषावरचं औषध तिथे मिळतं.

बिबट्या दिसला तर पळू नका, वाकू नका. मुलांना जवळ घ्या आणि त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे व्हा.

खरा उच्छाद मात्र खाजकुयलीचा. सोनेरी लव असलेल्या वाकड्या शेंगा वाळल्या की वाऱ्यानेही कुसं उडतात आणि अंगाची आग होते. चोळलं की ती आणखी रुततात. चिकटपट्टी लावून उपटून काढा, मग पाणी. ते कपडे घरी वेगळे धुवा, नाहीतर अख्ख्या घरादाराला खाज.

विडी-सिगारेट, काडेपेटी नेऊच नका. वाळल्या कारवीला ठिणगी पुरते. धूर दिसला तर विझवायला धावू नका, धूर जातो ती दिशा टाळून आगीपासून लांब बाहेर पडा आणि वन विभागाच्या 1926 वर कळवा.

करवंदं पिकलेली दिसतील. राष्ट्रीय उद्यानातलं फळही तोडता येत नाही, आणि तोंडात आलेलं पाणी आवरणं अवघड हे मान्य. येऊरच्या रस्त्यावर आदिवासी बाया पानाच्या द्रोणात विकायला बसलेल्या दिसल्या तर त्यांच्याकडून घ्या. घासाघीस करू नका. आणि द्रोण संपल्यावर तोही पिशवीत.