धंद्याला लागणारे गुण अंगात कसे आणायचे

"धंदा रक्तात असावा लागतो" हे वाक्य पुण्यात नोकरीवाल्या घरातल्या पोरांना एवढ्या वेळा ऐकवलं जातं की निम्मी पोरं तिथेच गप्प बसतात. मला हे अजिबात पटत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत मास्तरकी करत होते, ती सोडून बेळगावात सायकलच्या धंद्यात उतरले. कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर रिपेअर करत होते, त्यातून पुढे क्विक हील ही अँटीव्हायरस बनवणारी कंपनी उभी राहिली. यांच्यापैकी कोणी गादीवर जन्माला आलं नव्हतं. माझा भोसरीत बॉक्स आणि पाऊचचा व्यवसाय आहे, त्यामुळे घरून फराळ करणाऱ्या ताईंपासून एमआयडीसीतल्या वर्कशॉपवाल्यांपर्यंत सगळ्या तऱ्हेचे लोक गिऱ्हाईक म्हणून बघायला मिळतात, आणि कोण टिकतं कोण बसतं हे जवळून दिसतं. जे टिकतात त्यांच्याकडे काही सवयी असतात, आणि सवय म्हटलं की ती लावून घेता येते.

सगळ्यात वर मी कुठला गुण ठेवीन? तर पैशाबद्दल तोंड उघडता येणं. हुशारी, इंग्लिश, ओळखी हे सगळं त्याच्या खाली. आपल्याकडे पैसे मागणं म्हणजे हलकेपणा असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं, पाहुण्याला "राहू द्या हो" म्हणायची सवय गिऱ्हाईकापुढे पण तशीच तोंडातून निघते आणि तिथेच सगळं गळायला लागतं.

फराळाचंच घ्या. चकलीला किलोमागे भाजणी, तेल, मसाला मिळून समजा २६० रुपये, पॅकिंग २०, गॅस आणि लाइट २०, झाले ३००. ताई विकतात ४०० ला आणि म्हणतात किलोला १०० सुटतात. पण एका किलोला पीठ मळून, पाडून, तळून, भरेपर्यंत दीड तास जातो तो कोणी धरला? मदतीला बाई ठेवली असती तर त्याचे १५० द्यावे लागले असते, म्हणजे खरा खर्च ४५० आणि विक्री ४००. पाच किलोची ऑर्डर असते तोपर्यंत हे कळत नाही कारण राबणारे हात घरचेच असतात, पण दसऱ्यानंतर परदेशी पाठवायच्या फराळाची ६० किलोची ऑर्डर आली आणि मदतीला दोघीजणी घेतल्या की प्रत्येक किलोमागे ५० रुपये खिशातून जातात, आणि मग "ऑर्डरी भरपूर पण हातात काहीच राहत नाही" असं म्हणत पुढच्या वर्षी बंद. चव उत्तम, माणूस कष्टाळू, तरी बंद. मला खरंच वाईट वाटतं अशा वेळी.

तर करायचं काय, एक साधी वही घ्या, प्रत्येक वस्तूचं एक पान, आणि त्यात स्वतःची मजुरी बाहेरच्या माणसाला जेवढी द्याल तेवढीच लिहा. त्यावर नफा धरा आणि मग रेट ठरवा. आता रेट सांगायची प्रॅक्टिस. एका दमात सांगायचा, "४८० रुपये किलो", आणि गप्प बसायचं. बहुतेक जण इथे चुकतात, समोरचा काही बोलायच्या आत स्वतःच "पण तुम्हाला कमी करीन" असं बोलून मोकळे होतात. समोरून येणारच की "अहो, लक्ष्मी रोडला याच्यापेक्षा स्वस्त मिळते". त्यावर चिडायचं नाही, वाद पण घालायचा नाही. "हो काकू, मिळते, ही भाजणी मी घरी भाजून दळून आणलेली आहे, पाव किलो घेऊन बघा आवडते का", बास. काही गिऱ्हाइकं जातील, जाऊ द्या.

दुसरी बाजू वसुली. भोसरी, चाकणमधले छोटे जॉब वर्कवाले, म्हणजे मोठ्या कंपन्यांची कामं करून देणारे, कामाने नाही, अडकलेल्या पेमेंटने बसतात. फोन करायला लाज वाटते म्हणून दोन दोन महिने करत नाहीत आणि मग एक दिवस वैतागून भांडायलाच करतात. त्यापेक्षा आठवड्यातला एक दिवस ठरवून ठेवा, समजा मंगळवारी सकाळी अकरा, त्या वेळी फक्त वसुलीचे फोन. बोलायचं असं: "साहेब नमस्कार, बिल नंबर अमुक, पाच तारखेचं, ड्यू डेट होऊन आठ दिवस झाले, या आठवड्याच्या पेमेंटमध्ये घेताय ना?" आवाज चढवायचा नाही, रडगाणं पण गायचं नाही, आणि समोरच्याने तारीख दिली की तिथल्या तिथे लिहून "ठीक आहे साहेब, मग शुक्रवारी बघतो" म्हणून ठेवायचं. शुक्रवारी खरंच बघायचं. असं सलग काही महिने केलं की तुमचं बिल आपोआप वरच्या ढिगात जातं, कारण अकाउंट्सवाल्याला माहीत असतं हा माणूस फोन करणार.

आणि हे पण माहीत ठेवा, तुमचं युनिट सूक्ष्म किंवा लघु उद्योगात बसत असेल, तुम्ही माल बनवत असाल किंवा सर्व्हिस देत असाल, आणि उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केलेलं असेल, तर कायद्याने घेणाऱ्याला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, लेखी ठरलेलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. उद्यम रजिस्ट्रेशन सरकारी साइटवर फुकट होतं, एजंटला पैसे देऊ नका. रजिस्ट्रेशन केल्यावर नंबर बिलावर छापून घ्या. ऊठसूट कायदा दाखवायचा नाही, पण आपला हक्क माहीत असला की फोनवरचा आवाजच वेगळा लागतो.

नंतर येतो शब्द. "उद्या देतो" म्हणून चार दिवसांनी देणारा माणूस कितीही चांगलं काम करू दे, लोक त्याच्याकडे दुसऱ्यांदा नाइलाजानेच जातात. आता यात माणूस खोटारडा असतो असं नाही, बऱ्याचदा तो भिडस्त असतो, समोरच्याला नाही म्हणवत नाही म्हणून जी तारीख मागितली तिला हो म्हणतो. यावर उपाय साधा आहे, मनात येईल त्या तारखेत एक दिवस वाढवूनच सांगायचं, आणि उशीर होणार असं दिसलं की वेळ उलटायच्या आधी आपण फोन करायचा. संध्याकाळी पाचला "टेम्पो मोशीत ट्रॅफिकमध्ये अडकलाय" हे सांगण्यापेक्षा सकाळी दहाला "माल आज निघत नाही, उद्या बारापर्यंत पोचेल" हे सांगितलं तर पुढचा माणूस त्याची लाइन तरी दुसरीकडे वळवू शकतो. राग येईल त्याला, पण भरवसा जात नाही.

कान उघडे असणं हा पण शिकता येणारा गुण आहे, आणि याला काटकरांच्या गोष्टीएवढं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. कॅल्क्युलेटरनंतर दुरुस्तीला यायला लागलेल्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरसची तीच तीच तक्रार यायला लागली, धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते, त्यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहिला, आणि दुरुस्तीच्या दुकानातून सॉफ्टवेअरची कंपनी झाली, २०१६ ला शेअर बाजारात पण आली. दुकानात तक्रारी सगळ्यांच्याच येतात हो, पण आपण त्या त्या वेळी निस्तरतो आणि विसरतो. तसं न करता गिऱ्हाईक जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, मोबाइलमध्ये लिहा चालेल, आणि महिन्यातून एकदा वाचा. जी गोष्ट तीन वेगळ्या लोकांनी सांगितली असेल तिच्यावर काम करा. एकट्याच कोणी सांगितलं असेल तर थांबा, एका माणसासाठी माल बदलत बसू नका. माझ्याकडे मिठाईवाले, फराळवाले बॉक्सच्या झाकणाबद्दल जे बोलतात त्यातूनच माझे नवे साइज ठरतात.

यालाच जोडून, काय बदलायचं आणि काय नाही हे कळणं. चितळ्यांनी बाकरवडी मशिनवर करायला घेतली, २०१७ पासून दुपारी पण दुकान उघडं ठेवायला लागले, पण चवीला हात लावला नाही. तुमच्या धंद्यात "चव" काय आहे ते एका ओळीत लिहून ठेवा, बाकी सगळं बदलायला मोकळे राहा.

चिकाटीबद्दल सगळेच बोलतात म्हणून थोडंच लिहितो. लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता, नांगर खपायला फार वेळ गेला, आणि तरी पुढे १९१० ला किर्लोस्करवाडी वसली. पण हे वाचून कोणी घर गहाण टाकून बसू नका. चिकाटी धरायची तर आधी तिची सोय करा, घरखर्चाचे निदान सहा महिन्यांचे पैसे बाजूला, आणि सुरुवातीलाच लिहून ठेवा की अमुक तारखेपर्यंत अमुक विक्री झाली नाही तर पद्धत बदलायची. सोय नसली की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस पडेल त्या भावाला माल देतो.

गोड बोलता येत नाही, लोकांत मिसळायला जमत नाही म्हणून मागे राहणाऱ्यांना एवढंच सांगीन की त्याची फार काळजी करू नका. कमी बोलणारे कितीतरी लोक उत्तम धंदा करतात. मराठा चेंबर ही उद्योजक-व्यापाऱ्यांची संस्था १९३४ पासून पुण्यात आहे, तिथे ट्रेनिंग आणि कार्यक्रम होत असतात, दोन महिन्यांतून एकदा गेलात तरी आपल्या लाइनचे चार लोक भेटतात.

आणि एखादा गुण आपल्यात नाहीच, प्रयत्न करून पण येत नाही असं दिसलं, तर तो ज्याच्यात आहे असा माणूस जोडा. हिशोब जमत नसेल तर महिन्याला पैसे देऊन अकाउंटंट ठेवा, वसुली जमत नसेल तर घरात जो कोणी रोखठोक बोलणारा असेल त्याच्याकडे ते काम द्या, बऱ्याच घरांत बायको हे काम नवऱ्यापेक्षा कितीतरी चांगलं करते, मी बघितलंय. भागीदार घेणार असाल तर तुमच्यासारखाच दुसरा घेऊ नका, दोघंही माल बनवण्यात पटाईत आणि दोघांनाही फोन करायची लाज, असं झालं तर दोघं मिळून बसाल. आणि कोण किती पैसे टाकणार, महिन्याला कोण किती उचलणार, कुठलं काम कोणाचं, एखाद्याला बाहेर पडायचं झालं तर हिशोब कसा करायचा, हे सगळं पहिली ऑर्डर घ्यायच्या आधी स्टॅम्प पेपरवर भागीदारीनामा करून लिहून घ्या, मग भागीदार सख्खा भाऊ असला तरी.