सरासरी, श्रेढी आणि समरूप त्रिकोण : या चुका टाळा

सूत्र पाठ असूनही गणित चुकतं, त्याचं कारण बहुतेकदा एकच: कुठली संख्या कशाची, हे न लिहिताच सूत्रात आकडे घातले जातात.

एका तुकडीत २० मुलं, सरासरी ६० गुण. दुसरीत ३० मुलं, सरासरी ७०. दोन्ही मिळून सरासरी ६५ नव्हे. आधी बेरजा काढा: १२०० आणि २१००. एकूण ३३०० भागिले ५०, म्हणजे ६६. वेगाचंही तसंच. पणजीहून मडगावला जाताना ताशी ४० आणि त्याच वाटेने परतताना ताशी ६० किलोमीटर वेग असेल, तर सरासरी ४८ येते, ५० नाही. हळू जाताना वेळ जास्त गेलेला असतो. अंतर दिलेलं नसेल तर सोयीसाठी १२० धरा, उत्तर बदलत नाही.

श्रेढीत, म्हणजे ठरावीक फरकाने वाढत जाणाऱ्या संख्यांच्या मालिकेत, एक पद हमखास गळतं. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पहिल्या रांगेत ७ पोफळी, पुढच्या प्रत्येक रांगेत ४ जास्त, शेवटच्या रांगेत ७९. (७९ − ७) ÷ ४ = १८, पण या झाल्या उड्या; रांगा १९. एकूण पोफळी १९ × (७ + ७९) ÷ २ = ८१७.

सगळ्यात जास्त गुण जातात ते समरूप त्रिकोणांत. त्रिकोण अबक मध्ये बाजू अब वर द, अक वर इ, आणि दइ समांतर बक. अद = २, दब = ३, बक = १०. दइ काढताना २/३ हे गुणोत्तर वापरलं की चुकलंच. ते फक्त बाजूंच्या तुकड्यांचं आहे. समरूप आहेत ते अदइ आणि अबक, म्हणून अद/अब, म्हणजे २/५; दइ = ४. दोन्ही त्रिकोण वेगवेगळे काढून शिरोबिंदू एकाच क्रमाने लिहा, मग ही चूक होत नाही. क्षेत्रफळांचं गुणोत्तर ४ : २५, कारण बाजूंच्या गुणोत्तराचा वर्ग घ्यायचा असतो. खालच्या समलंब चौकोनाचा वाटा २५ पैकी २१.

सावलीवरून उंची काढायचा प्रयोग शाळेत जरूर करावा. मंगेशीला आहे तशा दीपस्तंभाची सावली मोजताना मुलं जोत्याच्या कडेपासून टेप धरतात. टोकाच्या बरोबर खालचा बिंदू मात्र जोत्याच्या मध्यावर असतो. समजा, जोतं गोल, ३ मीटर व्यासाचं आहे. कडेपासून सावली १४.५ मीटर भरली, तर त्यात १.५ मिळवून १६ घ्या. त्याच वेळी दीड मीटरच्या उभ्या काठीची सावली २ मीटर असेल, तर उंची १६ × १.५ ÷ २ = १२ मीटर. कडेपासूनचं माप तसंच वापरलं तर १०.८८ येते, म्हणजे खऱ्या उंचीपेक्षा मीटरभराहून जास्त कमी.